कुत्रं आईपुढे बसलं, म्हणून आई चोर?

वकीलसाहेब, नमस्कार.

आम्ही तापीकाठच्या खेड्यातले. माझा धाकटा भाऊ ट्रकवर क्लीनर आहे. दोन महिन्यांपूर्वी महामार्गावर त्यांची गाडी अडवली आणि पोत्यांमागे गांजा निघाला. ड्रायव्हर उडी मारून पळाला, भाऊ हाती लागला. ठाण्यात चार-पाच जणांना ओळीत उभं करून कुत्रं फिरवलं, ते भावापाशी घुटमळलं. अंगावर काही निघालं नाही, तरी सगळ्यांसमोर त्याला कपडे काढायला लावले. रात्री चौकशीच्या खोलीत तेच कुत्रं आणून उभं केलं. 'माल कोणाचा ते सांग, नाहीतर पट्टा सोडतो' असं म्हणाले.

आता तो न्यायालयीन कोठडीत आहे. मागच्या मुलाकातीला मी आणि आई गेलो, तर तिथेही गेटवर कुत्रं. ते फिरत फिरत आईजवळच्या पिशवीपाशी आलं आणि तिच्यापुढे बसलं. लगेच पिशवी फरशीवर उपडी केली. एका शिपाई बाईने आईची अंगझडती तिथेच, रांगेतल्या माणसांदेखत घेतली. निघाले दोन बनियन, एक टॉवेल आणि साबणाची वडी. आईला लहानपणी कुत्रं चावलेलं, पोटात चौदा इंजेक्शनं घेतलेली. ती तिथेच मटकन बसली. घरी आल्यापासून एकच म्हणते, 'मी काय चोर शे का?' पिशवी भावाचीच, ट्रकवर न्यायचा ती.

कुत्र्याने दाखवलं म्हणजे भाऊ गुन्हेगार ठरला का? कोठडीतल्या माणसाच्या अंगावर असं कुत्रं घालता येतं का? तक्रार केली तर आत भावाला त्रास होईल का? आणि आईला पुन्हा मुलाकातीला नेऊ की नको?

— तापीकाठची एक बहीण

ताई,

ठाण्याचं आणि कारागृहाचं नाव मी पत्रातून काढलं आहे. खान्देशात 'फौजदारी' म्हटलं की त्या नावाची डाळ आठवावी. तुमच्या घराला कलमं पाठ करायची वेळ आली. उत्तराची सुरुवात पिशवीपासून करतो. तिच्याबद्दल तुम्ही शेवटी, जाता जाता एक ओळ लिहिलीत, आणि माझ्या मते सगळ्या पत्रात तीच ओळ मोलाची आहे.

काळ्या मसाल्याचा डबा रिकामा करा, दोनदा घासा, उन्हात ठेवा. महिन्याने झाकण उघडलं तरी मसाल्याचा वास येतो, आणि तोही आपल्यासारख्या सर्दी झालेल्या नाकाला. कुत्र्याचं नाक आपल्या कितीतरी पट तीक्ष्ण. अमली पदार्थांवर शिकवलेलं कुत्रं 'इथे गांजा आहे' असं सांगत नसतं. 'इथे तो वास आहे' एवढंच ते सांगतं. वस्तू आता आहे, काल होती, की दुसऱ्या कोणाच्या वस्तूला ही पिशवी नुसती टेकून होती, हे त्याला कळत नाही आणि कोणी त्याला विचारतही नाही. जी पिशवी ट्रकच्या केबिनमध्ये दिवसेंदिवस लोंबत होती, तिच्यापुढे ते बसलं यात नवल नाही. कुत्रं चुकलं नसेलही. चुकली ती त्याच्या बसण्याचा अर्थ लावणारी माणसं.

आता एक पथ्य पाळा. ती पिशवी धुऊ नका, जाळू नका, कोणाला देऊ नका. वेगळी ठेवा आणि आज-उद्या तुमच्या वकिलांना तिच्याबद्दल सांगा. तिचं काय करायचं ते त्यांना ठरवू द्या. घाबरून नाहीशी केलीत तर उद्या 'पुरावा नष्ट केला' असं म्हणायला जागा होईल. मुलाकातीला नवी कापडी पिशवी न्या. भावाचे ट्रकवरचे जुने कपडेही नेऊ नका.

आता भावापाशी घुटमळलेल्या कुत्र्याचं बघू. 'श्वान तिथेच घुटमळले' हे वाक्य आपण पेपरात इतकं वाचलंय की घुटमळलं म्हणजे गुन्हा शाबीत, असं डोक्यात पक्कं बसलंय. न्यायालयाच्या डोक्यात तसं नाही. आपल्याच राज्यातल्या अब्दुल रज्जाक दफेदार यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये अशा पुराव्यावर घेतले जाणारे आक्षेप मांडले होते. कुत्रं साक्षीदाराच्या पिंजऱ्यात येऊन शपथ घेऊ शकत नाही, त्याची उलटतपासणी होत नाही. त्याच्या वतीने बोलतो तो त्याला फिरवणारा हस्तक, म्हणजे ती ऐकीव गोष्ट झाली. माणसाचा जीव आणि स्वातंत्र्य कुत्र्याच्या अनुमानावर टांगून ठेवणं बरं नव्हे. शिवाय या पुराव्याचा बघणाऱ्यावर जो नाट्यमय परिणाम होतो, तो त्याच्या खऱ्या किमतीहून फार मोठा असतो. असा पुरावा ग्राह्य धरला तरी त्याला फारसं वजन देता येत नाही, असा त्या निकालाचा सूर आहे. २००१ मध्ये गडे लक्ष्मी मंगराजू प्रकरणात न्यायालयाने पुन्हा याच अंगाने लिहिलं: तपासाला दिशा मिळण्यासाठी पोलिसांनी कुत्र्याची मदत जरूर घ्यावी, पण न्यायालयाने तिच्यावर विसंबावं असं नाही.

माझ्या एका जुन्या खटल्यातली गोष्ट सांगतो. श्वान हस्तक साक्षीला उभा होता. मी विचारलं, "ओळीत किती माणसं होती?" म्हणाला, "चार." "त्यातले साध्या वेशातले पोलीस किती?" थोडा थांबून म्हणाला, "तीन." म्हणजे कुत्र्याच्या रोजच्या ओळखीचे तिघे आणि अनोळखी एक! कुत्रं त्या एकापाशी थांबलं. माझ्या घरचं कुत्रंही थांबलं असतं.

तुमच्या भावाच्या ओळीत कोण कोण होतं? आधी कुत्र्याला कसला वास दिला होता? हस्तकाला आरोपी कोणता ते आधीच माहीत होतं का? शेवटचा प्रश्न वकिलांना आवर्जून विचारायला सांगा. २०११ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी कुत्रा-हस्तकाच्या १८ जोड्यांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. जागेत अमली पदार्थ किंवा स्फोटकं कुठेच नव्हती. हस्तकांना मात्र सांगितलं होतं की जिथे लाल कागद दिसेल तिथे वास आहे. बहुतेक फेऱ्यांमध्ये 'सापडलं' असा इशारा मिळालाच, आणि लाल कागदांपाशी तर जास्तच. धन्याच्या मनात काय आहे ते कुत्र्याला पट्ट्यातून कळतं. गुराख्याला हे सांगावं लागत नाही.

याहूनही साधा मुद्दा आहे. तुमचा भाऊ त्या गाडीचा क्लीनर. पोती चढवणं, ताडपत्री बांधणं, केबिनमध्ये झोपणं हेच त्याचं काम. त्याच्या कपड्यांना गाडीतल्या मालाचा वास लागला असेल तर त्यातून एवढंच सिद्ध होतं की तो त्या गाडीवर होता. ते कोण नाकारतंय?

पण तुम्हाला खोटी आशा लावत नाही. तुमच्या भावाची केस कुत्र्यावर उभी नाही आणि कुत्र्यावर पडणारही नाही. ती उभी आहे पोत्यांमागच्या मालावर. गांजा १ किलोपर्यंत म्हणजे अल्प प्रमाण. २० किलोच्या वर गेला की व्यापारी प्रमाण धरतात, आणि मग एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याच्या कलम ३७ मुळे जामीन फार अवघड होतो. पंचनाम्यात वजन किती लिहिलंय ते आधी बघा. अंगझडतीपूर्वी 'तुमची झडती राजपत्रित अधिकाऱ्यासमोर किंवा दंडाधिकाऱ्यासमोर व्हावी असं म्हणायचा तुम्हाला हक्क आहे' हे सांगणं याच कायद्याच्या कलम ५० प्रमाणे बंधनकारक आहे. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने जडेजा प्रकरणात ते ठासून सांगितलंय. भावाला ते सांगितलं नसेल तर वकिलांना कळवाच. मात्र हे कलम माणसाच्या अंगाच्या झडतीपुरतं आहे, गाडीच्या किंवा पोत्याच्या झडतीला ते लागू होत नाही. त्यामुळे खरी लढाई 'माल आहे हे क्लीनरला ठाऊक होतं का' या प्रश्नावर होईल. गाडी कोणाची, माल कोणी भरला, बिल्टी कोणाच्या नावाची, भाऊ त्या गाडीवर कधीपासून, हे सगळं आठवून तारखांसकट एका कागदावर लिहून द्या.

दुसरा प्रश्न कोठडीतल्या माणसावर कुत्रं घालण्याचा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४९ अटकेतल्या माणसाच्या झडतीचं. ते उघडलंत तर त्यात कुत्र्याचा उल्लेख सापडणार नाही. एनडीपीएसच्या कलम ५० मध्येही नाही. त्यामुळे दोन्ही बाजूंचे लोक सोयीचं बोलतात. पोलीस म्हणतात, मनाई कुठे आहे? आरोपीचे नातेवाईक म्हणतात, परवानगी कुठे आहे? माझं मत असं की पट्टा माणसाच्या हातात असतो, तेव्हा माणसाच्या हाताला जी बंधनं, तीच पट्ट्याला. कलम ४९ सांगतं की अंगावरचे आवश्यक कपडे सोडून बाकी वस्तू ताब्यात घ्या, जे जप्त कराल त्याची पावती द्या, आणि बाईची झडती बाईनेच, शालीनता राखून घ्यायची. कलम ४६ सांगतं, पळून जाऊ नये यापुरतंच बंधन घाला, जास्त नको. हातभर अंतरावरून वास घेऊन पुढे जाणारं कुत्रं या चौकटीत बसू शकतं. अंगावर पाय टाकणारं, मांड्यांत नाक खुपसणारं कुत्रं बसत नाही. ब्रिटनच्या तुरुंगांत यासाठी कुत्र्यांची विभागणीच केली आहे: खोल्या आणि सामान हुंगणारी वेगळी, माणसांजवळ नेण्याची वेगळी. माणसांजवळचं कुत्रं भुंकत नाही, पंजा मारत नाही, वास आला की गुपचूप खाली बसतं. तुमच्या आईपुढचं कुत्रं बसलं म्हणता, म्हणजे ते याच पद्धतीने शिकवलेलं दिसतं. कुत्र्याचं शिक्षण झालेलं आहे.

कपडे उतरवण्याबद्दल संयुक्त राष्ट्रांचे २०१५ चे नेल्सन मंडेला नियम स्पष्ट आहेत. अशी झडती अगदीच गरज असेल तेव्हा, आडोशाला, प्रशिक्षित आणि त्याच लिंगाच्या कर्मचाऱ्याने घ्यायची. धाक घालायला किंवा छळायला झडती वापरायची नाही, आणि तिची नोंद ठेवायची. हे नियम तुरुंगांसाठी लिहिलेले, पण माणसाची अब्रू ठाण्यात एक आणि तुरुंगात दुसरी, असं कसं असेल? आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १३८२ तुरुंगांच्या प्रकरणात २०१७ मध्ये या नियमांची दखल घेतली आहे. तुरुंगाच्या दारात घटनेतले हक्क गळून पडत नाहीत, हे तर सुनील बत्रा प्रकरणापासून, म्हणजे १९७८ पासून, आपलं न्यायालय सांगत आलंय.

रात्रीच्या त्या खोलीतला प्रकार मात्र झडतीत मोडतच नाही. तिथे हुंगायला काही नव्हतं. ते धमकावणं होतं. इराकमधल्या अबू गरेब तुरुंगात २००३-०४ मध्ये अमेरिकी सैनिकांनी कैद्यांवर कुत्री सोडायचा धाक घातला, त्याचे फोटो जगभर गेले. दोन श्वान हस्तकांना लष्करी न्यायालयात शिक्षा झाली आणि २००६ च्या नव्या लष्करी पुस्तिकेत चौकशीत कुत्रं वापरायला सरळ मनाई आली. जिथे युद्धातल्या कैद्यालाही हे चालत नाही, तिथे आपल्या ठाण्यात क्लीनर पोराला कसं चालेल? कबुलीसाठी इजा केली तर भारतीय न्याय संहितेचं कलम १२०, त्यात सात वर्षांपर्यंत शिक्षा. कुत्र्याने ओरबाडलं किंवा ते चावलं असेल तर हे कलम. नुसता धाक असेल तर धमकीचं कलम ३५१. त्या रात्री भाऊ काही बोलून गेला असेल तरी जीव टांगणीला लावू नका, पोलिसांपुढची कबुली न्यायालयात त्याच्याविरुद्ध चालत नाही. फक्त तिच्यामुळे एखादी वस्तू सापडली असेल तर तेवढा भाग वापरता येतो, म्हणून तो काय बोलला ते वकिलांना शब्दन् शब्द सांगू द्या.

आता तक्रार. रिमांडला आरोपी उभा राहिला की न्यायाधीश विचारतात, "पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?" मागे दोन पावलांवर तेच पोलीस उभे असतात. दहातले नऊ जण मान हलवून "नाही" म्हणतात. तुमच्या भावानेही तेच केलं असेल. त्याने दार कायमचं बंद होत नाही, पण उशीर बरा नाही. पोलीस ठाण्यातले सीसीटीव्ही कॅमेरे आणि त्यांचं चित्रण याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये सैनी प्रकरणात आदेश दिले. चित्रण १८ महिने ठेवायचं, तशी यंत्रणा मिळत नसेल तरी एक वर्षाच्या खाली नाही. कागदावर एवढी मुदत आहे. प्रत्यक्षात 'त्या दिवशी कॅमेरा बंद होता' हे उत्तर मी इतक्यांदा ऐकलंय की आता मोजत नाही. म्हणून त्या तारखेचं, त्या तासांचं चित्रण राखून ठेवण्याचा अर्ज वकिलांकरवी याच आठवड्यात न्यायालयात द्या. अटकेनंतरच्या वैद्यकीय तपासणीच्या अहवालाची प्रत भावाला किंवा त्याने सांगितलेल्या माणसाला मिळण्याचा हक्क नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५३ मध्ये आहे, तीही मागा.

आत भावाला त्रास होईल का? ही भीती मी हसण्यावारी नेणार नाही. म्हणूनच भावाची आणि आईची तक्रार एका कागदावर लिहू नका. भावाची तक्रार पोलीस ठाण्याविरुद्ध आहे आणि ती न्यायालयासमोर वकिलांच्या हातून जाऊ दे. ज्या कारागृहात तो आज आहे, त्यांचा तिच्याशी संबंध नाही. आईची तक्रार कारागृहाकडे, आणि तिचा सूर वेगळा ठेवा. 'गुन्हा दाखल करा' म्हणण्याची तिथे गरज नाही. अधीक्षकांच्या नावे साधा अर्ज करा: अमुक तारखेला अमुक वाजता वयस्कर बाईची झडती रांगेसमोर घेतली, काही मिळालं नाही, गेटवरचं त्या वेळचं चित्रण जपून ठेवावं, यापुढे झडती आडोशाला व्हावी. दोन प्रती न्या, एकीवर पोच घ्या. शिक्का मिळाल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. एक प्रत जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना द्या. स्त्री म्हणून आई आणि कोठडीतला म्हणून भाऊ, दोघांनाही उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. विधी सेवेच्या १५१०० या क्रमांकावर फोन केला तरी वाट दाखवतात. मानवाधिकार आयोगाकडे जायचं ठरलं तर घटनेपासून एका वर्षाच्या आत जावं लागतं.

आईच्या अर्जाला आधार जुना आणि भक्कम आहे. इंग्रजांच्या १८९४ च्या कारागृह कायद्यातलं कलम ४१ म्हणतं: संशयाला कारण असेल तर भेटायला आलेल्या माणसाची झडती घेता येते, पण ती कोणत्याही कैद्यासमोर किंवा दुसऱ्या भेटणाऱ्यासमोर घ्यायची नाही. झडती नाकारली तर प्रवेश नाकारता येतो, पण त्याची कारणं नोंदवून ठेवावी लागतात. कुत्रं आईपुढे बसलं हे संशयाचं कारण होऊ शकतं, ते मी मान्य करतो. म्हणून झडती घेतली यावर माझा आक्षेप नाही. आक्षेप आहे तो रांगेवर. चार पावलांवर एखादी खोली, नाहीतर एक पडदा, एवढंच हवं होतं, आणि हे गोऱ्या साहेबालाही कळत होतं. राज्याराज्यांत आता नवे कारागृह कायदे येताहेत, तेव्हा अर्जात कलमाचा आकडा टाकण्याआधी तो वकिलांकडून ताजा करून घ्या.

आईला न्या. तिला नेलं नाही तर तिच्या लेखी ती चोर ठरली आणि घरात बसली, असं होईल. फक्त आधी गेटवरच्या शिपाई बाईंना बाजूला घेऊन सांगा, "यांना कुत्रं चावलेलं आहे, झडती घ्यायची तर आधी घ्या, पण कुत्रं जरा लांब धरायला सांगा." मी स्वतः पाहिलंय, नीट सांगितलं तर दहातले सात शिपाई ऐकतात, त्यांनाही घरी आई असते. आणि मुलाकातीची वेळ बघून लवकरची एसटी पकडा. उशिरा पोचलं की रांग मोठी असते, सगळ्यांचीच डोकी तापलेली असतात, आणि कुत्रंही उन्हाने वैतागलेलं असतं.